डोहगाव मोजणाऱ्या रूथबाई

रूथबाई साळव्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या नदीकाठी पावलं मोजत होत्या. निमोण्याहून वडगाव रासाईपर्यंत मी एका गाडीवानाबरोबर आलो होतो, पुढं पायी निघालो होतो. खांद्यावर पत्र्याची ट्रंक, खिशात नेमणुकीचा हुकूम. डोहगावच्या शाळेत दुसरा मास्तर म्हणून रुजू व्हायचं होतं. समोरून एक उंच, सडसडीत बाई येत होत्या. पांढरं पातळ, पायांत पुरुषी वहाणा, काखेत काळी छत्री, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी चाललेलं. मी शाळा कुठं म्हणून विचारलं. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं आणि तशाच पुढं गेल्या. एका बाभळीपाशी थांबून वहीत टिपलं आणि मग मागं वळून माझ्याकडं आल्या.

"आता विचारा," म्हणाल्या. "मधेच बोलले असते तर पुन्हा पाण्यापासून सुरुवात करावी लागली असती."

त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. पन्नाशीला आलेल्या, विधवा. लहानपण शिरूरच्या मिशनच्या आश्रमात गेलेलं, तिथंच शिकून मास्तरीण झालेल्या. एक मुलगी सोलापुरात नर्स होती, तिचं महिन्याला एक पत्र येई. गावात म्हाताऱ्या त्यांना रुतबाई म्हणत, पायात काटा रुततो तसं. ज्यांचं त्यांच्याशी पटत नसे त्यांना ते नाव अगदी बरोबर वाटे.

डोहगाव भीमेच्या शिरूरकडच्या काठावर होतं. पलीकडं दौंड तालुका. वरच्या अंगाला काही कोसांवर मुळामुठा भीमेला मिळते, त्यामुळं आमच्याकडं येणाऱ्या पाण्यात पुण्याचंही पाणी असे. रेल्वे गाठायची तर होडीनं पलीकडं जायचं आणि तिथून स्टेशनापर्यंत चालायचं. होडी सखामामा कोळ्याची. वारा तिकडून असला की संध्याकाळी आगगाडीची शिट्टी ऐकू येई. गावठाण उंचावर होतं, तिथं मारुतीचं देऊळ आणि शाळा. उतारावर शेतं. अगदी खाली, नदीला लागून गायरान, आणि गायरानात धनगरांची अकरा घरं.

बाई शाळेच्या मागच्या खोलीत राहत. गावात त्यांना कोणी घर दिलं नव्हतं. गावच्या विहिरीवर पाणी भरू नका असं त्यांना कोणी तोंडावर म्हणालं नव्हतं. पण त्या पहिल्या दिवशी घागर घेऊन गेल्या तेव्हा विहिरीवरच्या सगळ्या बायका आपापल्या घागरी उचलून बाजूला उभ्या राहिल्या. बाई पाणी न भरता परत आल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या उतार उतरून नदीच्या वाळूतल्या धनगरांच्या झिऱ्यावर जाऊ लागल्या. तिथं बिरूआबा म्हणून वस्तीतले सगळ्यांत वयस्क गृहस्थ होते. त्यांनी वाटी घेऊन स्वतः बाईंची घागर भरून दिली. हे मला सखामामानं सांगितलं. बाई याबद्दल कधीच बोलल्या नाहीत.

बोलायच्या त्या मोजमापाबद्दल. त्यांच्या तोंडी 'साधारण' हा शब्द चालत नसे. मुलगा म्हणाला, बाई, ओढ्याला खूप पाणी आहे, तर विचारत, पाहिलंस का, की ऐकलंस? पाहिलं असेल तर गुडघ्याला होतं की कमरेला? कुणाच्या कमरेला? मुलं घाबरत, पण खोटं बोलायचीही बंद होत. चौथीच्या पुस्तकात जिल्ह्याचा भूगोल होता. बाई पुस्तक मिटून मुलांना नदीवर नेत, पाण्यात काडी सोडायला लावत आणि विचारत, हे पाणी काल कुठं होतं? शाळेच्या आतल्या भिंतीवर त्यांनी चुना आणि गेरू वापरून गावाचा नकाशा काढला होता. प्रत्येक घर, प्रत्येक विहीर, डोह, बांध. नदीतल्या डोहांची नावं त्यांना बिरूआबांनी सांगितली होती.

शिवाय त्यांची एक वही होती. जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची. तिचे तीन भाग पाडलेले. गावाचा इतिहास, गावाचा भूगोल आणि गावातली माणसं. जे ऐकलं ते पेन्सिलीनं लिहायचं. दोन माणसांकडून खरं ठरलं, किंवा कागद पाहिला, किंवा स्वतः मोजलं, तर त्यावरून शाई फिरवायची. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी एकदा विचारलं, कशासाठी लिहिता. त्या म्हणाल्या, आश्रमात आम्ही बत्तीस मुली होतो आणि आपलं गाव कोणतं हे त्यांतल्या निम्म्या मुलींना सांगता येत नव्हतं. एवढंच बोलल्या आणि पुढचं पान उलटलं.

या वहीवरूनच सरपंच आप्पांशी त्यांचं पहिल्यांदा वाजलं. आप्पा म्हणजे गावातले मोठे बागाईतदार, भारदस्त, बोलायला मऊ. आपल्या पूर्वजांना पेशव्यांनी हे गाव इनाम दिलं असं ते सांगत, आणि गावात ते कुणी नाकारत नसे. शाळा तपासणीच्या दिवशी, साहेबांच्या समोर, त्यांनी बाईंना ती हकिकत वाचून दाखवायला सांगितली. बाईंनी वाचली. साहेबांनी वही हातात घेतली आणि विचारलं, हे एवढंच पान पेन्सिलीनं का? बाई म्हणाल्या, कागद पाहायला मिळालेला नाही. आप्पा हसले. चार दिवसांनी शाळेच्या ओट्यावर येऊन बसले आणि हळूच म्हणाले, बाई, शाई फिरवून टाका. बाई म्हणाल्या, "कागद दाखवा आप्पा, तुमच्यासमोर फिरवते." कागद नव्हता. आप्पा उठून गेले. त्या दिवसापासून शाळेच्या खोलीच्या गळक्या पत्र्याकडं पंचायतीनं लक्ष दिलं नाही.

दुसरी गोष्ट पाणसळीची. बिरूआबांनी बाईंना सांगितलं होतं की त्यांच्या आज्याच्या वेळी थोरला पूर आला, तेव्हा पाणी कुठवर चढलं ते आज्यानं बिरोबाच्या ठाण्यामागच्या खडकावर टाकीनं खोदून ठेवलंय. बाई मला घेऊन तिथं गेल्या. शेवाळाखाली खरंच एक आडवी रेघ होती. बाईंनी गवंड्याकडून पातळी जोखायची पाणसळ मागून आणली आणि आम्ही दोघांनी दोन दिवस दोरी, काठ्या आणि पाणसळ घेऊन ती रेघ गावापर्यंत आणली. ती मारुतीच्या देवळाच्या खालच्या पायरीला येऊन टेकली. म्हणजे वस्तीतल्या अकराही घरांची छपरं त्या रेघेच्या खाली होती. आप्पांच्या मळ्यातला गोठाही. बाईंनी पंचायतीला अर्ज लिहिला, की धनगरांना वर माळावर जागा द्यावी. अर्ज वाचला गेला की नाही कळलं नाही. आप्पांना ते गायरान उसासाठी हवं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. पण धनगरांना वर जागा देणं म्हणजे ते गावचेच आहेत हे मान्य करणं, आणि आप्पा तर त्यांना फिरस्ते म्हणत.

मग एकसष्ट सालची खानेसुमारी आली. गावात मोजणीला बाई आणि मी. तालुक्याला शिकवणी झाली, कोरे कागद मिळाले. नियम असा होता की मोजणीच्या त्या दिवसांत जो जिथं असेल तिथं त्याची नोंद. संपूर्ण काळ बाहेर असलेला माणूस गावात लिहायचा नाही, तो जिथं असेल तिथले लोक त्याला लिहितील.

बाईंनी आधी घरांना आकडे टाकले. दाराच्या चौकटीवर गेरूनं. धनगरांच्या अकरा घरांनाही टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या सगळ्या आकड्यांवर शेण फासलेलं होतं. बाईंनी पुन्हा टाकले. पुन्हा शेण. तिसऱ्यांदा टाकताना मी म्हणालो, बाई, कशाला, कागदावर तर आहेतच. त्यांनी खराट्यानं चौकट साफ केली, आकडा काढला आणि तिथंच बाजेवर बसून राहिल्या, गेरू वाळेपर्यंत.

त्याच आठवड्यात आप्पांनी मला आणि बाईंना बोलावलं. चहा दिला. बाईंचा चहा वेगळ्या कपात होता, कान तुटलेल्या. आप्पांचं म्हणणं दोन गोष्टींचं होतं. त्यांचे दोन भाऊ मुंबईच्या गिरण्यांत होते, त्यांची बायकामुलं धरून गावात लिहायची, म्हणजे गावची वस्ती फुगेल आणि गावाला दवाखाना मागता येईल. आणि धनगर लिहायचे नाहीत.

बाई म्हणाल्या, "इथं राहतात ते लिहायचे, आप्पा. आपल्याला हवेत ते नाही."

आप्पा मऊ आवाजात म्हणाले, "बाई, तुमी ऱ्हाताय ती खोली पंचायतीची हाय."

"खोली पंचायतीची," बाई म्हणाल्या. "यादी सरकारची."

मग आप्पांनी यादी नुसती पाहायला मागितली. बाईंनी तीही दिली नाही. यात लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही असा कायदा आहे म्हणाल्या, आणि तो तुटक्या कानाचा कप विसळून पालथा घालून निघाल्या. मी मागून चालत होतो. माझी नोकरी नवी होती.

पण बाईंना खरा त्रास पुढं झाला, आणि तो आप्पांकडून नव्हे. थंडीत धनगर मेंढरं घेऊन कोकणाकडं जात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत येत. मोजणीच्या दिवसांत वस्तीत म्हातारी माणसं आणि दोन बाळंतिणी एवढेच होते, चौदा जणं. बाईंनी चौदा लिहिले. बिरूआबांना वाटलं होतं, बाई आपल्या आहेत, त्या सगळ्यांना लिहितील. त्यांनी एकेका घरातली नावं सांगायला सुरुवात केली, तेव्हा बाईंनी लेखणी थांबवली. आज इथं नाहीत ते मला लिहिता येणार नाहीत, म्हणाल्या.

आबांनी त्या कागदाकडं पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजी आमी ऱ्हातो इथं, मरतो इथं, पर गावात न्हाई. आप्पा बी त्येच म्हंतो. मंग तुमच्यात आन् त्येच्यात काय फरक ऱ्हायला?"

बाईंनी ते ऐकून घेतलं. कागदावर एक अक्षरही वाढवलं नाही. त्यानंतर झिऱ्यावर आबा त्यांची घागर भरून देईनात. बाई स्वतः वाटीनं भरत, आणि आबा शेजारी बसून दुसरीकडं पाहत. बाळंतिणींपैकी एक आबांची धाकटी सून ठकू. तिनंही बोलणं टाकलं. बाईंचं गावात जे एक घर होतं तेही असं बंद झालं. त्या दिवसांत त्या जेवायला उभ्याउभ्याच बसत... म्हणजे बसतच नसत, भाकरी हातावर घेऊन खिडकीशी उभ्या राहत. मी एकदा म्हणालो, चार नावं जास्त लिहिली असती तर कुणाचं काय गेलं असतं. त्या म्हणाल्या, "मग आप्पांना कोणत्या तोंडानं नाही म्हणाले असते?"

धनगर जून लागल्यावर परतले. मला वाटतं, बाई त्याचीच वाट पाहत होत्या. तीन संध्याकाळी त्या वही घेऊन वस्तीवर जात राहिल्या. सरकारी कागद तर केव्हाच गेले होते. तरी प्रत्येक घरासमोर उभं राहून विचारत, आणि कुणी तुसडेपणानं, कुणी पाठ वळवून, नावं सांगत. आबांनी काहीच सांगितलं नाही. त्यांच्या घरची नावं ठकूनं सांगितली.

जुलै महिन्यातला तो दिवस. पाऊस दोन दिवस धरून होता, नदी दुथडी होती, पण त्यात नवल नव्हतं. दुपारच्या सुट्टीत सखामामा धावत शाळेत आला. होडी काठाला कशीबशी लावून आला होता. धाप लागलेली. म्हणाला, पलीकडं स्टेशनात तार आलीय, पुण्याच्या वरचं पानशेतचं धरण फुटलं, पुण्यात पूल बुडालं, पानी हिकडं येतंय.

बाईंनी खडू खाली ठेवला. मला वाटलं, आता विचारणार, पाहिलंस का, की ऐकलंस. मामालाही तेच वाटलं असावं, तो आधीच म्हणाला, म्या बघितलं न्हाई, टेसनमास्तरनी सांगितलं.

"आज ऐकलेलं पुरे," बाई म्हणाल्या.

त्यांनी मुलांना घरी पाठवलं नाही, देवळात पाठवलं, आणि मोठ्या मुलींच्या हाती लहान मुलं दिली. मला आप्पांकडं पिटाळलं. आप्पा ओसरीवर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, नदी दर सालाला फुगते, मळ्याच्या बांधाच्या वर आजवर आली नाही. मी खडकावरच्या रेघेचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग गड्याला हाक मारून मळ्यातली गुरं आणि माणसं वर आणायला सांगितलं. वस्तीबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही थांबलो नाही.

मी खाली पोचलो तेव्हा बाई बिरूआबांच्या घरात बसल्या होत्या, चुलीपाशी, जमिनीवर. बाहेर वस्तीतले पुरुष उभे. कुणी हलत नव्हतं. मेंढरं वाघरीच्या जाळ्यात कोंडलेली, लेंड्या-चिखलाचा वास, आणि नदीचा आवाज बदललेला. आधी खळाळ असायचा, आता एकच जाड घुमणं होतं.

आबा म्हणत होते, "शिमग्याच्या तोंडाला आलता तवा आमची निम्मी मानसं सोडलीत. आज कशी आटवली?"

बाईंनी वही उघडली आणि वाचायला लागल्या. पहिलं घर. बिरू. त्यांची बायको गुणाई, डोळ्यांनी अधू. थोरला मुलगा, सून, त्यांची तीन. धाकटा, ठकू, मांडीवरचं. दुसरं घर. तिसरं. कोण कोणाचं, कोणाचं लग्न कुठल्या गावी ठरलंय, कोण लंगडतो, सगळं. बाहेरचे पुरुष दाराशी सरकले. अकराही घरं वाचून झाली.

"सत्तावन्न," बाई म्हणाल्या. "सरकारच्या कागदात चौदा आहेत, कारण त्या दिवशी चौदाच होते. इथं सत्तावन्न आहेत, आणि मी सत्तावन्न माणसं वर नेल्याशिवाय या घरातून उठणार नाही. उशीर झाला तर बुडणारे अठ्ठावन्न."

आबा उठले. त्यांनी कोपऱ्यातलं घोंगडं घेतलं आणि बाहेर येऊन मेंढरं सोडायला सांगितली.

पुढचा तास मला तुकड्यातुकड्यानं आठवतो. म्हातारी गुणाई एकाच्या पाठीवर. कोकरं पोत्यात. चढणीवर घसरणारे पाय. आणि मागं पाहिलं की प्रत्येक वेळी पाणी वेगळ्या ठिकाणी. झिरा गेला. मग वाट. आम्ही देवळापाशी पोचलो तेव्हा बाई सगळ्यांत वरच्या पायरीवर चढल्या. इतकी वर्षं त्या गावात राहून त्या पायऱ्यांवर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आज कुणी काही म्हणालं नाही. त्यांनी नाव घ्यायचं आणि ज्यानं त्यानं हात वर करायचा. सत्तावन्न भरले. बाईंनी डोळे मिटले, आणि मी त्यांना प्रार्थना करताना तेवढं एकदाच पाहिलं.

मग त्या शाळेतल्या मुलांकडं गेल्या. गावातली माणसंही जमत होती, गोंधळ होता, पाऊस होता. उजेड कमी व्हायला लागला तेव्हा त्यांनी वस्तीची नावं पुन्हा घेतली. कशामुळं घेतली ते त्यांनाही सांगता आलं नाही. पहिल्याच नावाला हात वर झाला नाही.

ठकू म्हणाली, "आबा खाली गेल्यात. लंगडी मेंढी खुट्याला ऱ्हायली म्हनाले. आत्ता येतो म्हनाले."

आम्ही चौघंपाचजण उतारावरून धावत सुटलो. आप्पाही होते. बांधापाशी पोचलो आणि पुढं जमीनच नव्हती. तपकिरी पाणी, त्यात छपरं, पेंढ्या, कुठलातरी एक पाळणा. वस्तीतल्या घरांची नुसती आढी दिसत होती. आबा कुठं दिसले नाहीत. एकदा कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं, डाव्या हाताला बाभळींकडून. आबांचा थोरला मुलगा पाण्यात घुसला, त्याला दोघांनी ओढून काढलं. मीही पाऊल टाकलं असावं, कारण आप्पांनी माझा दंड पकडला होता. ते कानाशी म्हणाले, "मास्तर, तुमी गेलात तर दोन हुतील." हाक पुन्हा आली नाही.

पाणी देवळाच्या खालच्या पायरीला लागलं आणि थांबलं.

आबा तिसऱ्या दिवशी सापडले, पलीकडच्या काठाला, बरंच खाली. वस्तीतलं एकही घर उरलं नव्हतं. बाई कुणाजवळ रडल्या नाहीत. त्यांनी ठकूला एवढंच विचारलं, की आबा पहिल्या मोजणीच्या आधी गेले होते की नंतर. ठकू म्हणाली, नंतर. तुमी नाव घेतलं तवा हात वर केला हुता त्यांनी, मग गेले.

"मग मी लगेच पुन्हा मोजायला हवं होतं," बाई म्हणाल्या. हे त्या पुढं बरेच महिने म्हणत राहिल्या. मुलांच्या वह्या तपासता तपासता मधेच थांबत, आणि मला कळे.

पूर ओसरल्यावर पंचनाम्याला कारकून आले. शाळेच्या पडवीत टेबल टाकलं. त्यांच्याकडच्या नकाशात नदीकाठी गायरान होतं, घरं नव्हती. खानेसुमारीचे कागद त्यांना पाहता येत नव्हते. चौकटीवरचे आकडे चौकटीसकट वाहून गेले होते. घरंच नव्हती तर पडली कशी, असा कारकुनांचा प्रश्न, आणि तो त्यांनी वाईट हेतूनं विचारला नव्हता. बाईंनी वही पुढं केली. त्यांनी ती चाळली, चांगली आहे म्हणाले, पण खाजगी वही पुरावा धरता येत नाही. मग शेजारी बसलेल्या आप्पांकडं वळून विचारलं, सरपंच म्हणून तुमचं काय म्हणणं? गायरानात वस्ती होती का?

पडवीखाली धनगर उभे होते. ठकूच्या काखेत मूल होतं. आप्पा 'नव्हती' म्हणाले असते तर गायरान मोकळंच होतं, कुणी भांडायलाही उरलं नव्हतं. हे आप्पांना कळत होतं आणि आम्हा सगळ्यांना कळत होतं. बाई आप्पांकडं पाहत नव्हत्या. दोन्ही हातांनी वही छातीशी धरून समोरच्या भिंतीकडं पाहत होत्या. आप्पांनी पानाचा तोबरा थुंकला, उपरण्यानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

"हुती," ते म्हणाले. "अकरा घरं. लिवा."

आणि सही केली. त्या सहीवर धनगरांना वर माळावर, शाळेच्या मागं, जागा मिळाली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बाईंच्या बदलीचा हुकूम आला. कुरकुंभच्या बाजूला, उघड्या माळावरच्या एकशिक्षकी शाळेत. नदी नाही, ओढाही नाही. सरपंचांचा अर्ज स्कूल बोर्डाकडं गेला होता हे मला नंतर कळलं. तो त्यांनी पुराआधी केला होता की नंतर, हे मी विचारलं नाही. त्यानंतर आप्पा मला बऱ्याचदा भेटले, चांगलं बोलले. बाईंचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

बाईंनी जाताना भिंतीवरचा नकाशा तसाच ठेवला. फक्त वस्तीची अकरा घरं ओल्या फडक्यानं पुसून माळावर नव्यानं काढली. सामान एक ट्रंक आणि एक वळकटी. त्यांना एकच गोष्ट लागली होती, पण ती त्यांनी बोलून दाखवली नाही. धनगर चार दिवसांपूर्वीच मेंढरं घेऊन निघून गेले होते. बाई जाणार हे माहीत असून ठकूही भेटायला आली नव्हती. माळावरच्या नव्या खोपटांवरून त्यांची नजर एकदा फिरली, आणि चला म्हणाल्या.

मी काठापर्यंत गेलो. सकाळची थंडी होती, पाण्यावर धुकं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पटकन काढून घेतला आणि होडीत बसल्या. सखामामानं होडी लोटली. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

होडी पलीकडं लागली. मामानं ट्रंक उतरवली. तेवढ्यात पलीकडच्या काठावर बाभळींच्या मागं काहीतरी हललं. आधी मला धुकंच वाटलं. मग मेंढरं दिसली, एकामागून एक, आणि मागं तट्टं, बायका, पुरुष. सगळी वस्ती होती. चार दिवस ते पलीकडच्याच एका रानात मेंढरांचा वाडा बसवून थांबून राहिले होते.

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. ठकू पुढं आली. ती काय म्हणाली ते इतक्या लांबून कळणं शक्य नव्हतं. कुणीतरी ट्रंक उचलून तट्टावर टाकली. ठकूनं स्वतःच्या अंगावरचं काळं घोंगडं काढलं आणि बाईंच्या पांढऱ्या पातळावरून, डोक्यापासून, गुंडाळलं, धनगरांच्या बायका घेतात तसं. मग सगळे स्टेशनच्या वाटेला लागले. मेंढरांनी धूळ उडवली. त्या धुळीत काळी घोंगडी चालत राहिली, पंधरा-वीस असतील, आणि थोड्या वेळानं त्यांतल्या बाई कोणत्या ते मला ओळखू येईना.